आबांचा वाडगा

खाणावळवाल्यांना आपण कोण ते सांगायचं नाही, सगळ्यात स्वस्त तेच मागवायचं आणि पैसे आपल्या खिशातून द्यायचे, हा आबांचा नेम. कमी खर्चात फिरणाऱ्यांसाठी ते बारा वर्षं एक छोटं पुस्तक काढत होते. कुठे उतरावं, कुठे जेवावं, एवढंच त्यात असायचं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं, ‘यातलं प्रत्येक जेवण मी स्वतः जेवलोय.’ लोक त्या वाक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत.

आणि यंदा आली नऊ पत्रं! नऊच्या नऊ बसस्थानकामागच्या गल्लीतल्या खाणावळीबद्दल. ‘तुम्ही लिहिता सूपचा वाडगा काठोकाठ, आम्हाला मिळाला अर्धा.’ ‘गरम पाव म्हणे! कालचा होता.’ एका शहाण्याने तर सरळ विचारलं होतं, कौतुक करायचे किती घेतलेत? आबांना ते फार झोंबलं. ज्या माणसाने कधी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, त्याला असं विचारायचं म्हणजे काय!

आठवड्याभरात ते तीनदा जाऊन जेवून आले. तिन्ही वेळा सूप काठोकाठ, पाव गरम, वर उकडलेलं अंडं. मग खोटं कोण बोलतंय? नऊ माणसं, एकमेकांना ओळखतही नाहीत, ती कट कशाला करतील? आणि नवी आवृत्ती तर आज संध्याकाळी छापायला जायची. आबांचं डोकं पार चक्रावलं.

“अगं, मला वेड तर लागलं नाही ना?” त्यांनी बायकोला विचारलं.

“ते कळायला आजचा दिवस कशाला उजाडायला हवा?” बायको म्हणाली. “चला, मीही येते. पण मी वेगळ्या टेबलावर बसेन. ओळख दाखवू नका.”

दुपारी दोघं मागेपुढे खाणावळीत शिरली आणि दोघांनी सूप-पाव मागवला. आबांचा वाडगा आला तो सांडेल इतका भरलेला. बायकोपुढे आलं अर्धं सूप, एक वाळका पाव, आणि अंड्याचा पत्ताच नाही. तिने लांबूनच वाडगा कलता करून दाखवला. आबा ताडकन उठले आणि खाणावळवालीला गाठून म्हणाले, “बाई, हा काय प्रकार आहे? एकच पदार्थ, एकच किंमत, आणि मला एवढं का?”

खाणावळवालीने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोला हो. सगळ्यांना एवढं द्यायला मला परवडतंय होय? तुम्हाला देते, कारण... राग नका मानू. बारा वर्षं बघतेय. दर वेळी पाटीवरून बोट फिरवत सगळ्यात स्वस्त तेच मागता. वाडगा पावाने पुसून खाता. टेबलाखाली वहीत आपलं काहीबाही लिहीत बसता. काम सुटल्यावर माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. त्यांना कुणी दया दाखवली की लागायचं, म्हणून मी कधी बोलले नाही. समोरच्या लॉजवाल्यालाही सांगून ठेवलंय, बिचारेकाका आले की खिडकीची खोली द्या. कोपऱ्यावरच्या चहावालीलाही माहीत आहे.”

बिचारेकाका! अख्ख्या गल्लीत हेच नाव! आबांना लाजही वाटली आणि संतापही आला. यातलं आधी काय करावं तेच त्यांना कळेना. मागे बायको तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, तेही कळेना.

“बसा, निवतंय ते,” खाणावळवाली म्हणाली. आबा बसले. तेवढ्यात छापखानेवाल्याचा फोन आला.

“आबा, पानं लावायला घेऊ ना?”

“बसस्थानकामागची गल्ली काढून टाक.”

“अख्खी? का हो, जेवण बिघडलं तिथलं?”

“नाही. फक्कड आहे.”

“मग माणसं लबाड निघाली?”

“छे छे! फार भली माणसं आहेत.”

“अहो, मग अडलंय कुठे?”

“मी तिथे अजून जेवलोच नाही रे,” आबा म्हणाले. आणि मग पुस्तकातल्या बाकीच्या साठ खाणावळी त्यांना एकेक करून आठवू लागल्या.