डाव्या पोटरीचं माप

माणसाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाचा एक दंड जाड. चोवीस वर्षं शिवणकाम करतेय, दोन्हीकडून सारखं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. पण हे त्याला सांगायचं नसतं. माप वहीत लिहायचं, कापड त्या बेतानं कापायचं आणि मूग गिळून गप्प बसायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

गेली पाच वर्षं मी एका सर्जनबाईंसाठीही शिवते. त्या लायपोसक्शन करतात, म्हणजे कातडीखालची चरबी नळीनं ओढून काढतात. नंतर दीड महिना अंगावर घट्ट पोशाख घालावा लागतो, छातीखालपासून घोट्यापर्यंत, म्हणजे सूज लवकर उतरते. ज्यांना तयार पोशाख नीट बसत नाही, त्यांना बाई माझ्याकडे पाठवतात. या वेळी त्यांनी चिमीला पाठवलं. चिमी माझी धाकटी बहीण, वय एकोणचाळीस.

चौदा वर्षांच्या संसारातल्या एकाही फोटोत ती पुढे उभी नाही. कायम कुणाच्या तरी मागे, नाहीतर पोटाशी पर्स धरून. मेहुणे बिचारे म्हणाले, "अगं, मला तू आहेस तशी चालतेस." झालं! 'चालतेस' हा शब्द तिला असा लागला की दुसऱ्याच दिवशी तिनं बाईंची वेळ घेतली.

पहिल्या भेटीला मी सोबत होते. बाईंनी काही लपवलं नाही. "वजन कमी करायचा हा उपाय नाही. पोटाचा, मांड्यांचा आकार बदलेल, काटा फारसा हलणार नाही. कातडी लोंबू शकते, काही महिने बधिर राहू शकते. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत ना? त्या महिनाभर आधी बंद करायच्या, दुसरं काहीतरी वापरा. रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पाय दुखला, सुजला, दम लागला, तर लगेच मला सांगायचं. तारीख पुढे ढकलता येते." चिमी शहाण्या मुलीसारखी मान डोलावत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आकार बदलेल म्हणाल्या ना, ताई?" बाकीचं सगळं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडलेलं.

ऑपरेशनच्या दहा दिवस आधी ती मापाला आली. दवाखान्याच्या कागदावर सेंटीमीटरमध्ये लिहावं लागतं. उजवी पोटरी छत्तीस, डावी अडतीस. दोनचा फरक काही फार नव्हे. मी माझ्या वहीत दोन्ही आकडे लिहिले, दवाखान्याच्या कागदावर नेहमीसारखा एकच, मोठा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती पोशाख घालून बघायला आली. उजवा पाय सरकन गेला. डावा गुडघ्याखाली अडकला. तिनं ओढला, मी ओढला, ती कळवळली.

"दुखतंय का गं?"

"ट्रेडमिलवर जास्त चालले, ताई. गोळा आलाय पायात. तुझं मापच चुकलंय."

माझं माप चुकलंय! मला कुणी काहीही म्हणावं, हे म्हणू नये. मी टेप लावला. चाळीस भरले. कातडी तुकतुकीत, हाताला गरम लागत होती. बाईंचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, पण त्या क्षणी सूज हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. डोक्यात आली ती शिवण. डाव्या पायाची शिवण मी उसवली, आतलं कापड बाहेर सोडलं, पुन्हा टीप मारली. वीस मिनिटांत पाय आत गेला. "बघ, बसला की नाही?" मी म्हटलं, वर फुशारकीनं. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

सकाळी दवाखान्यात परिचारिका फॉर्म वाचत होती. गोळ्या? "बंद केल्या." धूम्रपान? "नाही." पायाला सूज, दुखणं? "नाही हो." चिमी हे म्हणाली आणि तिनं डावा पाय हळूच उजव्याच्या मागे घेतला. फोटोत ती उभी राहते ना, अगदी तशी.

"डावी पोटरी चाळीस आहे," मी म्हटलं. "उजवी छत्तीस. दहा दिवसांपूर्वी डावी अडतीस होती."

"ताई, तू गप्प बस!" चिमी ओरडली. "तीन आठवड्यांची रजा कशी मिळवलीय माझं मला माहीत. तारीख गेली तर पुन्हा मिळणार नाही."

परिचारिका गप्प बसली नाही. बाई आल्या, पोटरी दाबून बघितली आणि सरळ सोनोग्राफीला पाठवलं. गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी निघाली. तिथं चिमीनं कबूल केलं की गोळ्या बंद केल्याच नव्हत्या. बंद करायला विसरली, मग सांगितलं तर तारीख जाईल म्हणून घाबरली. बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "टेबलावर घेतलं असतं तर..." एवढंच म्हणाल्या आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं लिहून दिली. ऑपरेशन रद्द. पुन्हा कधी, हा विषयच आता काढायचा नाही म्हणाल्या.

दुपारी चिमी खाटेवर पाय उंच करून पडली होती. मेहुणे औषधं आणायला गेले होते. ती म्हणाली, "काल तुझ्या हाताला लागलं होतं ना, पाय गरम आहे ते?"

"हो."

"आणि तू शिवण उसवलीस."

"हो."

मला वाटलं, आता ती मला वाट्टेल ते बोलेल. तिनं बोलावं, असंच वाटत होतं.

"शाळेत होते तेव्हापासून तू माझी मापं घेतेस," ती म्हणाली. "दर वेळी मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. जाड झालेय म्हणशील, बरी दिसतेय म्हणशील, काहीतरी म्हणशील. तू टेप गुंडाळायचीस आणि पुढचं माप घ्यायचीस. मग मला वाटायचं, सांगण्यासारखं नसेल."

ही मुलगी मला पहिल्यापासून देखणी वाटत आलीय, आजही वाटते. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि इतक्या वर्षांची सवय आड आली. तेवढ्यात परिचारिका इंजेक्शन घेऊन आली. "जरा बाजूला व्हा," म्हणाली, आणि मी बाजूला झाले.