दाढ आधी की डोस

दत्तात्रयाचं पत्र दिवाळीनंतरच्या आठवड्यात आलं आणि पुढचे बारा दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही. दत्तात्रय माझा मेहुणा, यमुनेचा धाकटा भाऊ. सांगलीला बँकेत असतो. त्याच्या बायकोला, लताला, कॅन्सर निघाला होता आणि अकरा डिसेंबरला केमोथेरपीचा पहिला डोस ठरला होता. तिची एक दाढ किडली होती. तिथले डॉक्टर म्हणत होते, ती आधी काढा. घरातली वडीलधारी म्हणत होती, एका वेळी एकच दुखणं अंगावर घ्यावं. लता घाबरून बसली होती. ‘दाजी, आक्काच्या वेळी तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? त्यांनी सांगितलं असेल तसंच आम्ही करू,’ असं त्यानं शेवटी लिहिलं होतं.

उत्तर एका ओळीचं होतं. तेच मला लिहिता येत नव्हतं.

आमच्या घरी पत्राची एक रीत आहे. आंतरदेशीय पत्रावर मजकूर मी लिहितो आणि शेवटची घडी यमुनेसाठी सोडतो. ती आधी माझं सगळं वाचते, दोन चुका काढते, मग आपल्या दोन ओळी लिहिते. लखनौत येऊन एकोणचाळीस वर्षं झाली, यात खंड नाही. म्हणजे तिच्या भावाला मी जे कळवणार, ते आधी तिला कळणार.

आणि गोष्ट अशी होती, की आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

गेल्या वर्षी यमुनेचे डोस सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. यमुना बाहेर बाकावर फायली मांडीवर घेऊन बसली होती. सगळं समजावून झाल्यावर ते म्हणाले, “और हाँ, दाँत भी ज़रा किसी को दिखा लीजिएगा, बेहतर रहेगा.” त्याच दमात त्यांनी यंदा मलिहाबादचा आंबा कसा आहे हे विचारलं. आमच्या सांगलीकडचा डॉक्टर असता तर ओरडला असता, की दात दाखवल्याशिवाय इथे पाऊल टाकायचं नाही. इथे हुकूमही सरबतासारखा देतात. एवढी वर्षं या शहरात काढून मला ते कळायला हवं होतं. मी आयुष्यभर एका सरकारी कंपनीचं ग्रंथालय सांभाळलं. छापलेलं मला कळतं, माणसांचं बोललेलं कळत नाही. वेळ मिळाला तर बघू, असं मी ठरवलं. दाढ तेव्हा ठणकत नव्हती. यमुना कॅन्सरपेक्षा दात काढायला जास्त घाबरते, म्हणून तिला काही बोललो नाही.

दुसऱ्या डोसनंतर दाढेनं डोकं वर काढलं. गाल सुजला, तोंडभर फोड आले, साधं पाणीही झोंबायचं, त्यात ताप. दातांच्या विभागात म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी असताना आम्ही हात लावणार नाही, कॅन्सरवाल्यांची चिठ्ठी आणा. कॅन्सर विभागात म्हणाले, आधी दातवाल्यांनी काय करणार ते लिहून द्यावं. दोन इमारती, मध्ये सायकल स्टँड. मी सात खेपा घातल्या. सहाव्या खेपेला कारकून म्हणाला, चिठ्ठीवर शिक्का नाही. रांगेत कुणी पुढे घुसलं तर मी त्यालाच जागा देणारा माणूस. तिसरा डोस तीन आठवडे पुढे गेला.

दातांच्या डॉक्टरनं यमुनेसमोरच विचारलं, ही दाढ सुरुवातीलाच का नाही काढली? मी त्याच्या टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघत राहिलो. सुजलेल्या तोंडानं यमुनाच म्हणाली, “किसी ने बताया ही नहीं.”

त्या दिवसापासून ती त्या कॅन्सरच्या डॉक्टरला शिव्या देते आहे. निशातगंजच्या सब्जीवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या मिश्राइनपर्यंत सगळ्यांना तिनं सांगून झालंय. मी तेवढा वेळ पेपर तोंडासमोर धरतो.

आजार गेला, निदान रिपोर्ट तरी तसं म्हणतात. दात मात्र मागे लागले. तोंडाला कोरड पडते, लाळ सुटत नाही, हिरड्यांशी दात किडत जातात. चार काढून झाले. कवळी बसत नाही. बसली तर टोचते. भाकरी आमटीत चुरून, आंबा पिळून. मिश्राइन लवंगेचं तेल सांगते, कुणी तुरटी, एकानं तर पान खायला सांगितलं. असा प्रत्येक सल्ला यमुना मला अशा आवाजात ऐकवते, जणू ही माणसं मीच धाडली आहेत.

अशात हे पत्र. यमुना रोज विचारायची, “लिहिलंत का दत्तूला?” वर मजकूरही सांगायची: आमच्या डॉक्टरानं तोंडातून शब्द काढला नाही, असं लिहा. ते लिहिलं तर लता दाढ काढणार नाही, हे मला दिसत होतं. मग मी वाचनालयात जाऊन दातांवरची पुस्तकं उघडली. मला आधीच माहीत असलेली गोष्ट तीन पुस्तकांत पुन्हा वाचून आलो. चार आंतरदेशीय पत्रं फाडली. एकात नुसतंच ‘दाढ काढा’ लिहिलं, पण मग आक्काची का नाही काढली, हे दत्तू विचारणारच होता.

आज वीस नोव्हेंबर. दाढ काढल्यावर जखम भरायला दहा-बारा दिवस तरी हवेत. पत्राला पाच. त्यापुढे माझ्या भिडेला जागा उरत नव्हती. सकाळी बसून सगळं लिहिलं, शेवटची घडी सोडली आणि पत्र यमुनेपुढे ठेवून स्वयंपाकघरात निघून गेलो. तिथे मला काही काम नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. चष्मा कपाळावर होता.

“म्हणजे त्यानं सांगितलं होतं.”

“हो.”

“आणि मी वर्षभर त्या बिचाऱ्याचा उद्धार करतेय. तुम्ही शेजारी बसून ऐकताय.”

मी हातातल्या फडक्याची घडी घालू लागलो.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू दात काढायला घाबरतेस.”

“घाबरले असते. मग काढली असती. मला दोन्ही येतं.” ती पुन्हा पत्राकडे वळली. मला वाटलं रडेल, पण तिनं चष्मा खाली ओढला आणि आवाज चढवला. “आणि हे काय लिहिलंय? ‘दाढ आधी काढून घेणे उचित ठरावे असे वाटते.’ वाटते काय? तुम्ही त्या डॉक्टरापेक्षा गोड लिहिलंय. हे वाचून दत्तू सावकाश पुढच्या महिन्यात जाईल. पेन आणा.”

मी पेन दिलं. तिनं ती ओळ आडव्या रेघेनं खोडली आणि वर ठळक लिहिलं: ‘दाढ उद्याच काढा.’ डोसांनंतर तिची बोटं बधिर असतात, अक्षर वाकडं येतं. मग शेवटच्या घडीत लिहिलं: ‘लता, आधी दाढ, मग डोस. घरात कुणाचं ऐकू नकोस. ब्रश मऊ घे. बाकी मागाहून लिहीन, सध्या यांच्यावर चिडले आहे.’

घडीच्या कडेला तिनं भाताची शितं लावली आणि पत्र माझ्यापुढे सरकवलं. जेवायला वाढलं, पण बोलली नाही. मी एकदा सुरुवात केली, तर म्हणाली, “आधी ते टाकून या.”

कोपऱ्यावरच्या पेटीवर माझा भरवसा नव्हता. टेम्पोनं चारबाग स्टेशनला गेलो. तिथल्या पेटीपाशी पत्ता दोनदा वाचला, पिनकोड तपासला, पत्र आत सोडलं आणि ते फटीत अडकलं नाही ना, हे बोट घालून पाहिलं. अडकलं नव्हतं.