खळगा पडलेला डोंगर

मित्रांनो, मी एक जुना डोंगर आहे. हसू नका. उंची जेमतेम वीतभर, आणि वजन म्हणाल तर तुमच्यातलं सगळ्यात लहान पोरही मला एका हाताने उचलेल. पण डोंगर तो डोंगर. माझ्या अंगाखांद्यावरून कितीतरी सैन्यं चढली-उतरली आहेत.

जन्माने मी थर्माकोल. नव्या फ्रिजच्या खोक्यातून आलो आणि कचऱ्याच्या वाटेवरच होतो. पण माझं नशीब चांगलं, की मी ज्या घरात आलो तिथे काका होते.

काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. रेघ न आखता सरळ अक्षर काढणारा त्यांचा हात. संध्याकाळी तोच हात बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई रंगवायचा, अगदी मिशांसकट. रविवारी समोरचा बेकरीवाला आपलं सैन्य बिस्किटांच्या डब्यात घालून यायचा. तो काकांचा लहानपणापासूनचा दोस्त. मग जेवणाच्या टेबलावर लढाई जुंपायची. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं आणि तेवढंच शिपायाला पुढे सरकवायचं. दोघं भांडायचे मात्र खऱ्या सेनापतींसारखे.

पुढे काकांचा हात कापू लागला. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढणार. पाट्यांचं काम सुटलं. शिपायाचा डोळा रंगवायला जावं तर रंग गालभर पसरायचा. एका रविवारी काकांनी ब्रश धुऊन ठेवले आणि दोस्ताला म्हणाले, "माझंही सैन्य तू घेऊन जा. मला आता जमायचं नाही."

बेकरीवाल्याने काकांच्या सैन्याला हात लावला नाही.

काकांची पुतणी त्यांच्याच घरी राहायची. तिने हे ऐकलं, खोक्यातून मला ओढून काढलं आणि काकांसमोर ठेवलं. "काका, डोंगराला डोळे रंगवावे लागत नाहीत. हा करा."

काका आधी कुरकुरले, मग कामाला लागले. बेकरीवाल्याने पाव कापायची दातेरी सुरी आणून दिली. तिने माझे थर कापले, खालचा मोठा, वरचा लहान, म्हणजे प्रत्येक पायरीवर शिपाई उभा राहील. कडा मात्र काकांनी हातानेच तोडल्या. हात थरथरत होता, त्यामुळे त्या अशा वेड्यावाकड्या तुटल्या की हुबेहूब खडक. मित्रांनो, सुरीने तसा खडक होत नाही. जुन्या पाटीच्या फळीवर मला गोंदाने चिकटवलं. त्या फळीवर काकांचं एक जुनं, सुबक अक्षर आहे. ते माझ्या पोटाखाली आहे, कुणाला दिसत नाही, पण मला त्याचा अभिमान आहे.

आणि मग घोटाळा झाला. काकांनी सवयीने रंगाच्या फवाऱ्याचा डबा उचलला. पाट्यांवर तो चालायचा, धातूच्या शिपायांवरही चालायचा. थर्माकोलला तो खातो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझा माथा चरचरला, आकसला आणि बघता बघता तिथे खोल खळगा पडला. मला दुखलं, पण काकांचा चेहरा बघून जास्त वाईट वाटलं.

"बघितलंस? डोंगरसुद्धा धड होत नाही माझ्याच्याने," ते म्हणाले आणि मला केराच्या टोपलीकडे घेऊन निघाले.

बेकरीवाल्याने वाटेतच मला काढून घेतलं. "अरे, डोंगराला खळगा पडला म्हणून कुणी डोंगर टाकून देतं का? माझी तोफ बसेल इथे."

मग माझ्या सर्वांगाला गोंद लागला, त्यावर वाळू भुरभुरली. वाळल्यावर ब्रशनेच मातकट रंग दिला. शेवटी कोरड्या ब्रशला किंचित फिका रंग लावून तो माझ्यावर नुसता वरवर फिरवला. त्याला हात स्थिर लागत नाही. कडा उजळल्या आणि मी डोंगर झालो.

मग काय, माझा थाट विचारू नका. माझ्यावर काहीच कायमचं चिकटवलेलं नव्हतं. झाडं ठेवली की मी जंगल, घर ठेवलं की वस्ती, खाली निळं कापड पसरलं की बेट. काका पुन्हा रविवारची वाट पाहू लागले.

पण मित्रांनो, कौतुक फार टिकत नाही. बेकरीवाल्याने हौसेने एक मोठा किल्ला विकत आणला. बुरूज, भिंती, झाडं, सगळं पक्कं चिकटवलेलं. दिसायला झकास! माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ बसली, एका बॅगेखाली माझी कड चेपली. मी मनातल्या मनात फार चडफडलो.

खाली मात्र काकांचे हाल चालले होते. किल्ल्याच्या चिंचोळ्या भिंतीवर शिपाई ठेवायला जावं, तर एक ठेवताना चार पडायचे. हात टेकायला कुठे जागाच नव्हती. एके दिवशी काकांनी फासे खाली ठेवले. "तूच खेळ. मी बघतो," एवढंच पुतणीला म्हणाले. पुढच्या रविवारी ते बघायलाही आले नाहीत.

त्याच्या पुढच्या रविवारी पुतणीने मला खाली काढलं, पुसलं, आणि किल्ला उचलून मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग काकांना जवळजवळ ओढतच आणून बसवलं. काकांनी नाइलाजाने एक शिपाई उचलला. तो माझ्या पलीकडे ठेवायचा होता. हात पुढे करताना तोल गेला आणि त्यांचं मनगट माझ्या खळग्यात टेकलं.

आणि तिथेच विसावलं. थरथर कमी झाली. मग त्यांनी शिपाई अलगद खाली ठेवला. तो पडला नाही.

खळग्यात ठेवायला हातात घेतलेली तोफ बेकरीवाल्याने गुपचूप दुसरीकडे ठेवली. त्या संध्याकाळी काका सपशेल हरले, आणि उठताना म्हणाले, "पुढच्या रविवारी लवकर ये. तुझी जिरवतो."

तर मित्रांनो, तुम्हीही असा डोंगर करा. फवारा दूर ठेवा, झाडं-घरं सुटी राहू द्या. आणि एखाद्यात खळगा पडला, तर त्याला लगेच केरात टाकू नका. मला हाताळलंत तर चेपलेली कड सांभाळा आणि खालच्या फळीला धरून उचला. रविवार आला की काकांना हात टेकायला मी लागतो.