वाढत्या अंगाचं माप

सोमवारी सकाळी माझं हृदय डाव्या कोपराच्या वर चार सेंटिमीटरवर होतं. मंगळवारी त्याने कोपर ओलांडलं. मी रोज काखेपासून टेपने अंतर मोजत होतो आणि आलेख काढत होतो, म्हणून नक्की सांगू शकतो. रेषा जवळपास सरळ होती. त्या वेगाने शुक्रवारी दुपारी ते बोटांच्या टोकाशी पोहोचणार होतं, आणि बोटांच्या पुढे हात नाही.

कारण साधं होतं. माझ्या छातीचं मधलं हाड लहानपणापासून आत खचलेलं आहे. त्या खड्ड्यात एक मोसंबं नीट बसतं. जागा पुरेना म्हणून हृदय आधी डावीकडे सरकलं, मग खांद्यात गेलं, मग दंडात.

"परत येईल का?" आईने विचारलं.

मिरजेच्या डॉ. शहापुरेंनी माझा आलेख उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "जागा केली की येतं. दोन्ही कुशींना छोटी छिद्रं घ्यायची. दुर्बिणीतून बघत हाडाच्या मागून स्टीलची वाकवलेली पट्टी सरकवायची आणि आत गेली की उलटी फिरवायची. हाड वर उचललं जातं. छाती उघडावी लागत नाही."

"कधी?" मी विचारलं.

"गुरुवारी."

मला इतका आनंद झाला की हृदय मनगटाच्या दिशेने दोन सेंटिमीटर धावलं.

"उत्साह जरा आवरा," डॉक्टर म्हणाले.

बुधवारी नदाफमामा माप घ्यायला आले. ऑपरेशनच्या पट्ट्या तेच वाकवतात. त्यांनी एक मऊ धातूची फीत माझ्या छातीवर आडवी ठेवली आणि छाती जशी असायला हवी तशी तिला कमान दिली. किती अंशांची, असं मी विचारलं. "हाताला कळतंय," ते म्हणाले.

आई स्टुलावरून उठली. "मामा, जरा ढिलं घ्या. वाढतं अंग आहे."

"आई, मी तेवीस वर्षांचा आहे."

"तू गप. दहावीच्या पँटचं काय झालं होतं?"

नदाफमामांनी क्षणभर विचार केला. "चार बोटं सोडतो," ते म्हणाले आणि फीत वर ओढली.

मी अडवू शकलो असतो. पण मनातल्या मनात आकारमान काढलं, ते जवळपास दुप्पट येत होतं. मला ते उत्तर फार आवडलं.

गुरुवारी हृदय तळहातावर आलं होतं. मूठ मिटून मी टेबलावर झोपलो. भूल चढल्यावरही मला दुर्बिणीचा पडदा दिसत राहिला. आत गुलाबी भिंतींची बुटकी खोली होती, पूर्ण रिकामी. पट्टी एका भिंतीतून आली, दुसऱ्या भिंतीतून गेली आणि फिरली. छत वर गेलं. जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही.

"प्रशस्त झालं," डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात चादरीखाली माझी छाती टेकडीएवढी दिसत होती. तिथे आई, नदाफमामा, डॉक्टर आणि सिस्टर लोंढे उभे होते. मूठ आतून ढकलली गेली.

"मागे फिरलं," मी म्हणालो.

सिस्टर टेप घेऊन वाकल्या. "मनगट. मनगटाच्या वर सहा. नऊ. अहो, पळतंय हे."

तेवढ्यात छातीत ठोका पडला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. "आलं की."

"माझं अजून कोपरात आहे," मी म्हणालो.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ती डाव्या कुशीवर हात ठेवून उभी होती. "मला एकदम हलकं वाटतंय रे," ती म्हणाली. चेहरा हसरा होता.

दुसरा ठोका बिडी ओढणाऱ्याचा होता, मधूनच चुकणारा. नदाफमामा पलंगाच्या कडेला टेकले. तिसरा भरभर चालत होता. सिस्टर लोंढेंनी स्वतःची नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं आणि हात सोडून दिला. पलंगाभोवतीची जागा कमी होत गेली. चौघं इतकी जवळ आली की त्यांची कोपरं माझ्या उशीवर टेकली. आईचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीवर ठेवला. डावीकडे सरकवला, उजवीकडे, मग पाठीवर. "आत किती झाले?"

"चार."

"आणि तुमचं?"

"खांद्यात आलंय. भेटायला आल्यासारखं येतंय."

"जागा आहे ना अजून?" आईने विचारलं.

मी पुन्हा आकारमान काढायला लागलो, पण आकडे मोजायला लय लागते आणि आत चार वेगवेगळ्या लयी चालू होत्या. माझं हृदय काखेतून वळलं, पहिल्या बरगडीपाशी थांबलं आणि त्याने बाहेरून ठोठावलं.

कुणी दार वाजवल्यावर घरातली माणसं बोलायची थांबतात, तसे आतले चारही ठोके एकदम गप्प झाले.