पाच बोटांची रेघ

मी एक जुनं टेबल आहे, मित्रांनो. सुताराचं. माझ्यावर कुणी जेवत नाही की अभ्यास करत नाही. करवत चालते, हातोडा आदळतो. सवय होते.

मला बनवणाऱ्या सुताराच्या कानावर कायम जाड पेन्सिल असायची. मापं, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं तो लाकडावरच लिहायचा आणि काम झालं की रंधा मारून काढून टाकायचा. एकच गोष्ट त्यानं ठेवली. त्याची धाकटी लेक एकदा माझ्यावर चढून बसली. त्यानं तिचा पंजा कोपऱ्यात दाबून धरला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली.

"हलू नकोस गं, सहावं बोट येईल."

ती हसली, हलली, अंगठा वाकडा आला. खाली त्यानं लिहिलं, 'बाईसाहेब हलल्या.'

त्याच वर्षी पोर तापानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. पुढे सुतारही गेला. त्याची बायको रोज दुपारी यायची, त्या रेघेवर हात ठेवायची आणि जायची. रडायची नाही. कुणाला सांगायचीही नाही. हात ठेवून ठेवून तिनंच ती रेघ आणि खालची अक्षरं पुसट केली.

मग थोरल्या मुलाला बापाच्या टेबलाची माया आली. त्यानं मला रंधा मारला, घासलं, पॉलिश केलं. ढलपे शेगडीत गेले. मला काही वाटलं नाही. लाकूड आहे मी.

"आई, बघ. बाबांचं टेबल ओळखू येतंय का?"

तिनं कोपऱ्यावर हात फिरवला. "गुळगुळीत झालंय."

"मग? पोरगा कुणाचा आहे?"

"इथं तुझ्या बहिणीचा हात होता."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला वाटलं, जुनं कसलं तरी माप असेल."

त्यानं कानावरची पेन्सिल तिच्या हातात दिली. "तू काढ ना परत."

तिनं टोक टेकवलं आणि थांबली.

"अंगठा कुठल्या बाजूला वाकडा होता रे?"

त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही. ते फक्त रेघेला माहीत होतं.

मित्रांनो, डोक्यात राहील म्हणणारे थापा मारतात. लिहून ठेवा. कशासाठी ठेवलंय तेही घरच्यांना सांगा. आणि मायेनं साफसफाई करायला निघालात, तर आधी तोंड उघडून विचारा.

माझ्या कोपऱ्यात आता पेन्सिलीचा एक ठिपका आहे. शेजारी थोरल्यानं लिहिलंय, 'हे माप नाही.'