चार वाजताचं केळं

खिडकीत वाघ बांधून झाला तेव्हा चारला पाच मिनिटं होती. गणू तावडेंनी तो टेंभी नाक्यावरून घासाघीस करून आणला होता. कापसाचा, पट्टेरी, बटणांच्या डोळ्यांचा. येऊरच्या डोंगरातून येणारी माकडं वाघ बघून पळतात, असं तिसऱ्या मजल्यावरचा प्रितम छातीठोकपणे सांगत होता आणि सोसायटीत निम्म्या ग्रिलांना असे वाघ लटकलेले होते.

माकड वेळेवर आलं. एकटंच, म्हातारं, एका कानाचा तुकडा पडलेलं. त्याने वाघाला नीट न्याहाळलं, मांडीवर ओढून घेतलं आणि शांतपणे त्याच्या उवा काढायला बसलं.

शेवंती पदर तोंडाशी धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात आपण हिला असं कधी हसवलं, हे गणूंना काही केल्या आठवेना. वाघ आणला त्यांनी आणि कौतुक झालं माकडाचं.

शिवाय ते केळं. गणूंच्या रक्तात साखर निघाल्यापासून घरात त्यांना केळं बंद होतं, आणि या उपटसुंभाला मात्र शेवंतीकडून रोज चारला एक वेलची केळं, तेही डाग नसलेलं. गणूंनी मिरचीची धुरी करून पाहिली. माकड समोरच्या आंब्यावर जाऊन बसलं आणि गणूंनाच दवाखाना गाठावा लागला.

केळ्याचं एक वेळ सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते शेवंतीचं बोलणं. स्टूल ओढून ती ग्रिलशी बसायची आणि माकडाला सगळं सांगायची. गुडघा कसा धरतो, टिटवाळ्याला विनिताच्या नव्या बिल्डिंगमध्ये पाणी कसं येत नाही, नात सान्वी हल्ली फोनवर कशी येत नाही. गणू हॉलमध्ये तोंडावर पेपर घेऊन पडायचे आणि स्वतःच्या लेकीची खबर माकडाच्या कृपेने ऐकायचे. त्यांच्या वाट्याला दिवसाकाठी दोन वाक्यं यायची, ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘गोळी घ्या’.

यात शेवंतीचा दोष नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत चौतीस वर्षं फिटर, त्यातली बहुतेक रात्रपाळीत गेली. दिवसा ते झोपायचे म्हणून घर कुजबुजत जगलं. विनिता तर शाळेत जाईपर्यंत मोठ्याने बोलायलाच शिकली नव्हती. आता निवृत्त होऊन ते दिवसभर टक्क जागे होते, पण शेवंतीची सवय मोडली नव्हती.

शेवटी गणूंनी वनखात्याला फोन लावला. गच्चीवर पिंजरा आला. आत ठेवायला केळं त्यांनी शेवंतीच्याच टोपलीतून उचललं. तिच्या हातची केळी ओळखीची असल्यामुळे म्हणा, माकड दुसऱ्या सकाळी मुकाट आत गेलं.

गाडी गेल्यावर शेवंतीने एवढंच विचारलं, “नेताना पाणी दिलं का त्याला?”

गणू हो म्हणाले. दिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चारला तिने खिडकीत केळं ठेवलं, पाचला उचललं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आता ती दोन वाक्यंही बंद झाली. ताट समोर यायचं, गोळी ताटाशेजारी. गणूंना वाटलं होतं, माकड गेलं की त्याची जागा आपोआप आपल्याला मिळेल. तसं काही झालं नाही.

चौथ्या दिवशी गुडघ्याला तेल लावून ती आत आडवी झाली होती. गणू हळूच स्वयंपाकघरात गेले, खिडकीशी उभं राहून त्यांनी केळं खाल्लं आणि माकड टाकायचं तशी साल ग्रिलवर लटकवली. दोन वर्षांनी केळं खात होते, पण घास काही गोड लागला नाही.

पाचला शेवंती आली. बराच वेळ सालीकडे बघत राहिली.

“आलेला वाटतं,” ती म्हणाली.

“मला नाय दिसला,” गणू पेपराआडून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारला केळं खिडकीत होतं, पण अर्धंच. शेजारी वाटीत त्यांची साखरेवरची गोळी होती.

गणू ओट्याशी नुसते उभे राहिले. कान तापले होते. शेवंतीने स्टूल ओढलं आणि नेहमीसारखी ग्रिलकडे तोंड करून बसली.

“गुडघा आज जास्तीच ठणकतोय,” ती खिडकीला म्हणाली. “विनिताकडे परत पाणी नाय आलं. रडत होती फोनवर.”

गणूंना विचारायचं होतं, कधी आलेला फोन, टँकर नाही का मागवत, मी जाऊन येऊ का. शब्द ओठांवर आले होते. पण माकड कधी मध्ये बोलत नसे. त्यांनी अर्धं केळं हातात घेतलं आणि ते पुरावं म्हणून अगदी सावकाश सोलायला लागले.