खिडकीवरचा फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. अंगाने रुंद, रंगाने काळा आणि स्वभावाने थोडा आडमुठा. जिथे बसवाल तिथून हलायचं नाही, हे तर माझं कामच. पण मला एकदा अशा जागी बसवलं होतं, की तिथून सुटावं म्हणून मी दोन वर्षं झुरलो.

एका सुताराने पाच फळ्या जोडून मला घडवलं. मधल्या फळीत लाकडाची एक गाठ होती. तो म्हणाला, "काळा रंग लागला की कोणाला दिसतेय?" आणि खरंच ती कोणाला दिसली नाही. पुढे तीस वर्षं मी एका शाळेत होतो. मुलं माझ्यावर चुकली, माझ्यासमोर रडली, एकमेकांची वेडीवाकडी चित्रं काढून पळाली. मग गुळगुळीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. गरज सरो, वैद्य मरो!

तिथून मला एका बाईंनी बाहेर काढलं. त्या त्याच शाळेत शिकवायच्या. त्यांची थोरली मुलगी बोलताना अडखळायची आणि वर्गात तिची नक्कल व्हायची. एके दिवशी तिने वर्गात तोंड उघडणंच सोडलं. बाईंनी नोकरी सोडली, दोन्ही मुलींची नावं शाळेतून काढली आणि निघताना मला मागून घेतलं. "आता शाळा घरीच," त्या म्हणाल्या. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं.

घरात एकच मोठी खोली आणि तिला एकच मोठी खिडकी. समोर रस्ता, पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याच रस्त्याने शाळेची मुलं जायची आणि खिडकीत थोरली दिसली की मुद्दाम अडखळत हाका मारायची. मला बसवायला मुलींचा मामा आला. बाईंनी जागा दाखवली, तेव्हा तो हातातले स्क्रू तसेच धरून उभा राहिला.

"ताई, अगं ही खिडकी आहे."

"दिसतंय मला. तिथेच बसव."

"आणि उजेड?"

"दिवा आहे की!"

काचा बंद झाल्या आणि चौकटीत मला आठ स्क्रूंनी आवळलं. "फळा जाड आहे, आवाजही आत यायचा नाही," मामा म्हणाला. पोटावर खडू आणि पाठीवर ऊन, असं माझं नवं आयुष्य सुरू झालं. मागे रस्ता होता, घंट्या होत्या, हसणं-ओरडणं होतं. ते सगळं मला पाठीने कळायचं, पण मान वळवता येत नव्हती. समोर तीन माणसं दिव्याच्या उजेडात बसलेली असत. कोंडलेला मी होतो, आणि कोंडणाराही मीच होतो. याची मला फार लाज वाटायची.

बाई मात्र मनापासून शिकवत. तराजूत बटाटे तोलून अपूर्णांक, चादरीच्या घड्या घालून भूमिती. धाकटीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती जेवतानाही स्वतःभोवती फिरायची. तिला बाईंनी पायऱ्या चढता-उतरता पाढे शिकवले. दर सोमवारी माझ्या कोपऱ्यात पिवळ्या खडूने एक गुण लिहिला जाई. कधी धीर, कधी मदत, कधी नीटनेटकेपणा. आठवडाभर तो पाळायचा आणि शनिवारी काय केलं ते उभं राहून सांगायचं. थोरली घरात हळूहळू बोलू लागली होती. बाईंनी काही थोडं केलं नव्हतं, मित्रांनो.

एकदा त्यांनी ओल्या कापसात वाल रुजवले. रोपं पिवळट, लांबुडकी आली आणि सगळीच्या सगळी माझ्या डाव्या कडेच्या फटीकडे वाकली. बाईंनी माझ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, "रोप उजेडाकडे वळते." खडू ठेवला, हात झटकले आणि पुढचा धडा घेतला. मी ते वाक्य दोन दिवस पोटावर घेऊन होतो. मला ओरडता आलं असतं तर!

दुसऱ्या उन्हाळ्यात पाठ तापून माझी ती जुनी गाठ सैल झाली. पुसताना थोरलीच्या बोटाला ती लागली. आई स्वयंपाकघरात असताना तिने कंपासच्या टोकाने गाठ अलगद उपसली. आत बोराएवढं भोक पडलं आणि त्यातून ऊन थेट तिच्या गालावर आलं. भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर डोळा फुटला! रोज संधी मिळाली की ती तिथे डोळा लावायची आणि पावलं वाजली की गाठ पुन्हा बसवायची.

एका सोमवारी कोपऱ्यात आलं, खरेपणा. त्याच आठवड्यात बाईंनी काम दिलं, चालणारी एखादी वस्तू बारकाईने काढा. भिंगरीने पंखा काढला. थोरलीने सायकलचं मागचं चाक काढलं: आरे, साखळी, दाते, शिवाय पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली ट्यूब आणि पंक्चरमधून निघणारे बुडबुडे.

"किती छान!" बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पण हे तू पाहिलंस कुठे? आपल्या पुस्तकांत तर नाही."

थोरलीने वही मिटली.

शनिवार आला. भिंगरी आधी उठली. "मी खरं सांगितलं, की साखर मुंग्यांनी नाही, मीच संपवली." मग थोरली माझ्याजवळ आली आणि तिने गाठ ओढून काढली. उन्हाची तिरीप जमिनीवर पडली.

"भो... भोकातून पाहिलं, आई. रोज."

बाईंनी तिच्या हातातून गाठ घेतली. आता ही पक्की बसवणार, माझा डोळा कायमचा मिटणार, असं वाटून मी हबकलो. गाठ भोकापर्यंत आलीही. तिथे बाईंचा हात थांबला. त्या वाकल्या आणि त्यांनी स्वतःचा डोळा लावला. बराच वेळ त्या तशाच होत्या. मग खाली बसल्या.

"मला वाटलं, ती मुलं दिसली नाहीत तर तुला लागणार नाही गं."

"त्यां... त्यांचं हसणं ऐकू येतच होतं, आई. मामा म्हणतो ना, फळा जाड आहे. ए... एवढा नाही. फक्त सायकलवाले काका दिसत नव्हते."

बाई रडल्या. भिंगरीने फिरणं थांबवलं.

मामाला त्याच दुपारी बोलावलं. तो नुसते स्क्रू काढून मोजत गेला. आठवा निघाला आणि खोलीभर इतकं ऊन आलं की तिघींनी डोळ्यांवर हात धरले.

आता मी समोरच्या भिंतीवर आहे. पाठीने ओळखलेला रस्ता आता तोंडासमोर दिसतो. उन्हाने अक्षरं चमकतात म्हणून बाई कुरकुरतात, पण पडदा ओढत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी थोरली समोरच्या दुकानात चाकं सरळ करायला शिकते. मुलं अजून नक्कल करतात. परवा त्यांच्यातल्याच एकाची साखळी उतरली, तेव्हा ती पाना हातात घेऊन म्हणाली, "थां... थांब. बसवते." तो थांबला.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, माझी काळजी घ्या. पण माझ्यामागे काय झाकलं जातंय, ते आधी बघा. माझं भोक मामा बुजवणार होता, बाईंनी बुजवू दिलं नाही. त्या पिवळा खडू आता त्यातच ठेवतात.